दांड्याआधी हात

९ जुलै

वहिनींस नमस्कार.

तुम्ही पाठवलेलं छापील पत्रक समोर ठेवून हिशेब मांडला. त्यात दोन वर्षांचा एकूण खर्च लिहिलाय चार लाख ऐंशी हजार. मी तेवीस वर्षं जिन्यांची रेलिंगं, गेटं आणि खिडक्यांचे गज बनवतोय. छापील भावाला हसायला शिकलोय. हे चार लाख ऐंशी हजार म्हणजे नुसतं लोखंड. वेल्डिंग, घासकाम, रंग, टेम्पो पुढेच असतं.

तर घ्या. खोलीचं भाडं महिना साडेपाच हजार, चोवीस महिन्यांचे एक लाख बत्तीस. पुस्तकं आणि मोजमापाची हत्यारं अठ्ठावीस हजार. दोनदा बारा-बारा आठवडे परगावच्या दवाखान्यांत फुकट राबायचंय, तिथलं राहणं-जाणं चाळीस. पांढरे कोट आणि बूट सहा. शेवटी परवान्याची परीक्षा चौदा. झाले बरोबर सात लाख. शिवाय दवाखान्याच्या खिडकीवर बसून तुम्ही महिना अकरा हजार मिळवत होता, ते दोन वर्षं बंद. त्याचे दोन लाख चौसष्ट. एकूण नऊ लाख चौसष्ट हजार. छापील भावाची दुप्पट, वर चार हजार चहाचे. जेवण धरलं नाही, कारण घरी असता तरी जेवलाच असता.

माझा अंदाज चुकत नाही हे गावाला ठाऊक आहे. जिना नुसता बघून मी पाइपाची फुटं सांगतो.

आता मुद्द्याचं. सेहेचाळिसाव्या वर्षी तुम्ही हे व्यवसायोपचार का काय ते शिकायला गेलात, मला त्यात कळत नाही. आमच्या हिनं विचारलं तर मी सांगितलं की धंद्यावरचा उपचार असतो, बुडवे गिऱ्हाईक कसे वसूल करायचे ते शिकवतात. तिनं ते तीन घरी सांगून टाकलंय. पण दादाच्या विम्याचे पैसे पुरायचे नाहीत एवढं मला कळतं. वरचा फरक मी भरतो. उसने म्हणून नको, भाऊ म्हणून. नाही म्हणू नका.

तुमचा धाकटा दीर

---

२२ जुलै

भाऊजी,

हिशेब दोनदा वाचला. चूक सापडली नाही, याचाच राग आला. पैसे मात्र नकोत.

जाऊबाईंना आधी खरं सांगा. अर्धांगवायूनं हात गेलेल्या माणसाला स्वतःचं बटण लावता यावं, घास तोंडापर्यंत नेता यावा, मोरीतून एकट्यानं उठता यावं, हे शिकवायचं शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. बुडव्यांचं तुम्हीच बघा.

पत्रकाच्या मागच्या बाजूला वर्गाची माहिती छापलीय. तुम्ही ती वाचली नसणार, तिथे भाव नव्हता ना! आम्ही छत्तीस जण. एकतीस मुली, पाच मुलगे. घरातून कॉलेजात आलेले पहिलेच असे नऊ. सरासरी वय चोवीस पूर्णांक सहा. मी नसते तर ते बरोबर चोवीस असतं. म्हणजे मी एकटीनं अख्ख्या वर्गाला सात महिन्यांनी म्हातारं केलंय.

पहिल्या दिवशी दारात उभी राहिले तर पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मावशी, पंखा चालत नाहीये." मी खुर्चीवर चढून बघितलं. बटणामागची तार सुटली होती. ती बसवली आणि तिच्याच शेजारी वही उघडून बसले. ती इतकी लाजली की तासभर पंख्याकडेच बघत होती. आता आमची गट्टी आहे, 'मावशी' तेवढं सुटलं नाही.

मागच्या गुरुवारी पहिलं प्रात्यक्षिक झालं. एक हात पाठीशी बांधून शर्ट घालायचा आणि बटणं लावायची. गेलेला हात बाहीत आधी, चांगला नंतर, इतकंच गुपित आहे. मला चार मिनिटं लागली. पोरी टाळ्या वाजवत होत्या आणि मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. तुमच्या दादांचा उजवा हात गेल्यावर सहा वर्षं रोज सकाळी मी त्यांची बटणं लावली. ते भिंतीकडे बघत उभे राहायचे. चार मिनिटांचं काम होतं, भाऊजी. शिकवणारं कुणी भेटलं नाही.

म्हणून आलेय. संपवूनच परत येईन.

वहिनी

---

३ डिसेंबर

वहिनींस नमस्कार.

फोनवर तुम्ही "सगळं ठीक" म्हणता आणि ठेवता. पत्रात माणसाला निदान दोन ओळी खोटं लिहावं लागतं, म्हणून मी पत्र मागतो. आणि खोटं लिहिताना तुमचं अक्षर फार सुंदर येतं. मागच्या पत्रातलं "अभ्यास उत्तम, तब्येत उत्तम" फ्रेम करून लावण्यासारखं होतं.

परवा तुमच्या बाजूला एका गेटाची पोच होती. टेम्पोवाल्याजवळ घोंगडी दिली होती. तो संध्याकाळी खोलीवर गेला तर कुलूप. शेजारी म्हणाले, कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात बघा. तिथे तुम्ही चादरींच्या घड्या घालत होता म्हणे. टेम्पोवाला माझ्याकडे येऊन म्हणतो, "शेठ, वहिनींनी मला चहा पाजला आणि सांगितलं, शेठना बोलू नका." म्हणून त्यानं मला बोलण्याआधी दाराची कडी लावली.

मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं, त्यामुळे ओरडायला तोंड नाही. फक्त खरा आकडा सांगा. किती कमी पडतात?

दीर

---

१४ डिसेंबर

भाऊजी,

तुमच्या टेम्पोवाल्याला परत चहा नाही.

दुसऱ्या वर्षाची फी दोन लाख चाळीस हजार, भरायची तारीख पंधरा जून. माझ्याकडे एक लाख पाच हजार उरतील. कमी पडतात एक लाख पस्तीस. इस्त्रीच्या दुकानातून तोवर पंधरा हजार बाजूला पडतील. बाकीचे एक लाख वीस जमले तर राहीन, नाही जमले तर सामान बांधीन.

आता आम्ही तेहेतीस आहोत. तिघी गेल्या. एकीला दोन लहान मुलं होती, एक रात्रपाळी करून यायची, तिसरीच्या वडिलांचं दुकान बंद पडलं. तिघीही त्या 'घरातल्या पहिल्या' नऊ जणांपैकी. पत्रकात किती आले ते छापलंय. किती गेले त्याला रकाना नाही. चौथी मी होणार नाही, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

वाट एकच आहे. विभागाकडे दरवर्षी एका विद्यार्थ्यासाठी दुसऱ्या वर्षाची निम्मी फी माफ करायची सोय असते. म्हणजे बरोब्बर एक लाख वीस. त्यासाठी रुग्णाच्या घरात करायचं एखादं काम सुचवून अर्ज करायचा. सात जणांनी केलाय, त्यात मी एक. मोरीतल्या आधाराच्या दांड्यांबद्दल आहे. त्यात काय लिहिलं ते विचारू नका.

तुमचे पैसे का नकोत तेही सांगते, म्हणजे पुन्हा विषय नको. दादा आजारी असताना सहा वर्षं औषधं, डॉक्टर, चाकाची खुर्ची, सगळं तुम्ही आणलंत. मी कधी नको म्हटलं नाही. हे एक माझं माझ्या पायावर होऊ द्या.

वहिनी

---

२० फेब्रुवारी

भाऊजी,

मिळाली!

सातांत माझा अर्ज लागला. विभागाच्या बाई म्हणाल्या, "पहिल्याच परिच्छेदात मी ठरवलं होतं. तो दांडा अजून आहे का घरी?" मी म्हटलं, आहे.

एक अट आहे. एकतीस मेच्या आत बारा रुग्णांच्या घरी दांडे बसवून दाखवायचे. दर घरी साहित्य आणि मजुरी मिळून बाराशेची मर्यादा, ते विभाग देणार. एक जरी घर राहिलं तर माफी रद्द. तुमचा दर कळवा. फुकट करणार असाल तर दुसरीकडे विचारीन, कारण बिल जोडावं लागतं.

आणि हो, तुमचा नऊ लाख चौसष्टवाला हिशेब बाईंनी मागून घेतला आणि सूचनाफलकावर लावला. वर मथळा दिलाय, 'खरा खर्च'. पुढच्या वर्षी येऊ पाहणाऱ्या मुली तो वहीत उतरवून घेतात.

वहिनी

---

२५ फेब्रुवारी

वहिनींस नमस्कार, अभिनंदन आणि पेढ्याऐवजी ही आरोळी!

बघा, मी म्हणत नव्हतो? माझा दांडा बोलला! तुम्ही लिहायचं नाही म्हटलंत तरी मला कळलं अर्जात काय असणार. दादा दवाखान्यात असताना एका दिवसात बसवला होता तो मी. हिरवा ऑइल पेंट, दोन हात. हत्ती लटकला तरी हलायचा नाही. आता मी वर्कशॉपवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय, आमच्या दांड्यानं वहिनींची निम्मी फी माफ केली. ठिणगी (आमचा वेल्डर हो, साठीचा झाला तरी नावासारखाच) म्हणतो, "शेठ, मग माझा पगार त्या दांड्यालाच द्या."

दर अकराशे. शंभर तुमच्या विभागाचे वाचवले. आणि वाट कसली बघायची? साचा लावला, खटाखट बारा कापले, वेल्ड केले, रंगवले. दादाच्याच मापाचे. छत्तीस इंच उंचीवर, उजव्या भिंतीला. उद्या टेम्पोत चढतात.

एक खूण सांगतो, आमच्या धंद्यातली. बँकेच्या जिन्यावरचं माझं रेलिंग बघा. लोक धरतात तिथला रंग उडून लोखंड चकाकतंय. रंग उडाला म्हणजे माल वापरात आहे. आम्हा लोकांची पोचपावती तीच. सहा महिन्यांनी त्या बारा घरांत जाऊन बघा.

दीर

---

१८ मार्च

भाऊजी,

बाराही दांडे परत पाठवते आहे. टेम्पोचं भाडं मी दिलंय.

रागावण्याआधी ही यादी वाचा. प्रत्येकाच्या घरी मी दोनदा जाऊन मापं घेतलीत.

पहिली, शिवणकाम करणारी, एकसष्ट वर्षं, उंची चार फूट दहा. तुमचा दांडा तिच्या बरगडीला लागतो. दुसरे, निवृत्त मास्तर, सहा फूट. मोरीच्या पायरीवरून त्यांना तो धरायला वाकावं लागतं, आणि वाकले की चक्कर येते. तिसरीला उठायला नको, बसायला आधार हवा, म्हणजे दांडा आडवा नको, उभा. चौथे ट्रकचालक, बावन्न वर्षं. उजवी बाजू गेली आहे. स्टुलावर बसल्यावर चालता हात डावा, आणि दांडा उजव्या भिंतीला. तो त्यांच्यासाठी असून नसल्यासारखा. पाचव्या बाईंची बोटं पूर्ण मिटत नाहीत, जाड पाइप धरता येत नाही. पुढची सात घरं मागच्या पानावर आहेत.

बारांत आठ बायका. सर्वांत तरुण एकतीस, सर्वांत म्हातारी एक्क्याऐंशी. एकाचं माप दुसऱ्याला चालत नाही. आम्हाला पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहून दिलं होतं: दांड्याआधी हात विचारा.

वहिनी

---

२३ मार्च

वहिनी,

तेवीस वर्षांत माझा माल परत आला नव्हता. ठिणगीनं दांडे उतरवताना एकेक मोठ्यानं मोजला, मुद्दाम. शेजारचा काचवाला बाहेर येऊन उभा राहिला होता.

शिकलेल्या माणसांचं एक असतं, साध्या गोष्टीला बारा फाटे फोडायचे. अहो, दांडा तो दांडा! भिंत मजबूत, पाइप मजबूत, माणूस धरतो. दादाच्या मोरीत डाव्या भिंतीतून नळाची लाइन गेली होती, म्हणून मी उजव्या भिंतीत भोकं घेतली. मापं काढत बसलो का? सहा वर्षं त्यानं तो धरला. एकदा तरी तक्रार केली? दादा तर दादा, तुम्ही केलीत? त्याच दांड्यावर तुम्हाला माफी मिळाली आणि आता तोच चुकीचा?

बारा वेगवेगळे बनवायचे तर साचा मोडला, वेळ चौपट. अकराशेत बसत नाही. बाराशेतही नाही.

दीर

---

२ एप्रिल

भाऊजी,

इथल्या एका फॅब्रिकेटरनं साडेतेराशे सांगितलेत. वरचे दीडशे प्रमाणे अठराशे रुपये मी इस्त्रीच्या दुकानातून उभे करीन. तुम्हाला जमत नसेल तर स्पष्ट कळवा, मी त्याला काम देते. एकतीस मे टळणार नाही. एक घर राहिलं तर मी चौथी.

जमणार असेल तर एक करा. बारांतल्या कुठल्याही एका घरी माझ्याबरोबर या. टेप घेऊन या, साचा आणू नका.

वहिनी

---

३० मे

वहिनींस नमस्कार.

काल रात्रीच्या गाडीनं परत आलो, आणि बिल सोबत जोडलंय, शेवटी बाराशेच्या आतच बसवलं. तुम्ही परीक्षेच्या गडबडीत होता म्हणून शेवटच्या घराचं समोर बोलणं झालं नाही. ते लिहितो.

पहिल्या घरी तुमच्याबरोबर आलो तेव्हा मी रागातच होतो, हे तुम्ही ओळखलं होतंत. ती शिवणकामवाली मला म्हणाली, "दादा, माप घ्यायला आलात ना? मग घ्या. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांची घेतली, माझं कुणी घेतलं नाही." तिच्या मनगटाला टेप लावला आणि माप दोनदा घेतलं. त्यानंतर अकरा घरं मी तुमच्याशिवाय केली, पण प्रत्येक दारात पहिला प्रश्न तुमचाच विचारला. ठिणगी आता मला "डॉक्टर" म्हणतो. मास्तरांनी दांडा धरून उठल्यावर मला बसायला सांगितलं आणि त्याच्या मजबुतीवर पाच मिनिटं भाषण केलं. एक्क्याऐंशीच्या आजींनी तो हलवून बघितला, मग मला हलवून बघितलं, आणि म्हणाल्या, "दांडा बरा आहे."

ट्रकचालकाचं घर शेवटी ठेवलं होतं. त्यांच्या डाव्या भिंतीलाही नळाची लाइन होती. पूर्वीचा मी सरळ उजवीकडे वळलो असतो. लाइन कुठून जाते ते ठोकून ऐकत बसलो, अर्धा तास. पाइपाच्या वर एक हात जागा सापडली. पण कापून आणलेला तुकडा तीन इंच आखूड पडला. माझाच अंदाज. नवा पाइप घ्यावा तर बाराशे ओलांडत होते आणि हातात तीन दिवस होते.

तेव्हा दादाचा दांडा आठवला. तुमच्या बंद घराची किल्ली माझ्याकडे आहेच. म्हटलं, सहा वर्षांचा अनुभवी माणूस आहे, याला कामावर पाठवू. घरी येऊन तो काढला, घेऊन परत गेलो आणि काल दुपारी ट्रकचालकाच्या डाव्या भिंतीला बसवला. त्यांनी डाव्या हातानं धरला आणि उठले. बायकोला हाक मारली नाही. ती दारात उभी राहून वाट बघत होती, हाक येईल म्हणून. मग ते बाहेर आले, तिच्याकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "आता हिला काम काय राहिलं?" ती म्हणाली, "चहा टाकते."

बारा घरं झाली. बाईंनी सह्या केल्यात, प्रत सोबत आहे. पंधरा जूनला फी भरा आणि चौथी होऊ नका.

अर्जात काय लिहिलं होतं ते आता विचारत नाही. तुम्ही सहा वर्षं गप्प राहिलात, ते का, तेही विचारत नाही. वर्कशॉपवर मात्र मी सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि काचवाला अजून विचारतो, दांडा काय म्हणतो म्हणून. त्याला काय सांगायचं ते मी बघतो.

बिलात बाराव्या घराच्या खाली रंगाचा रकाना रिकामा आहे, ती चूक नाही. पाइप जुना होता, पण रंग द्यावा लागला नाही. दादाच्या दांड्याचा हिरवा रंग या टोकापासून त्या टोकापर्यंत जसाच्या तसा होता.

तुमचा धाकटा दीर